दगडाखालचा कोळसा

बीडला आमच्या घराच्या चारी कोपऱ्यांना, जमिनीत हातभर खोल, मूठमूठ कोळसा पुरलेला आहे. वास्तुशांतीला आलेल्या गुरुजींना हे कुठून तरी कळलं आणि ते मंत्र म्हणता म्हणता थबकले. "हे कुणी केलं?" मी म्हटलं, "आमच्या कचेरीतल्या हबीबमामूंनी." गुरुजींनी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं, नवऱ्याने छताकडे पाहिलं. मग मला हद्दीच्या दगडाचं सगळं शास्त्र त्यांना समजावून सांगावं लागलं आणि त्या नादात मुहूर्त पाच मिनिटं पुढे गेला.

शास्त्र अगदी साधं आहे. शेताच्या हद्दीवर दगड रोवलेला असतो. दगड हलवता येतो. आमच्या जिल्ह्यात तर तो आपोआप हलतो, विशेषतः पेरणीच्या तोंडावर. पण दगड रोवण्याआधी खड्ड्यात मूठभर कोळसा टाकला तर तो कुजत नाही, वाळवी त्याला खात नाही आणि मुख्य म्हणजे दगड सरकवणाऱ्याच्या तो ध्यानातही येत नाही. दगड जातो, कोळसा राहतो. "दगड खोटं बोलत न्हाई म्याडम," मामू म्हणायचे, "पर दगड ठिवनारा बोलतो. म्हनून खाली कोळसा टाकायचा. त्याला कोन फितवनार?"

मामू म्हणजे हबीब शेख, शिरूर कासारला मोजणीच्या कचेरीत शिपाई. मी तिथे पहिल्या नेमणुकीवर जमीन मोजायला रुजू झाले तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी समजूत होती. मामूंनी पहिल्याच दिवशी माझ्या पायांकडे पाहिलं. "चप्पल बदला म्याडम. हितं सराट्यांचं राज हाय." मी बदलली नाही. संध्याकाळी एसटीत बसून तळव्यातले काटे काढताना मला पहिला धडा मिळाला.

कागदोपत्री ते शिपाई, पण शेतात ते माझे साहेब होते. त्यांच्या गोणपाटाच्या पिशवीत लोखंडी साखळी असायची. मोजणीचं मशीन येऊन दोन वर्षं झाली तरी ती पिशवी त्यांच्या खांद्यावरून उतरली नाही. साखळी तेहतीस फुटांची. तिचे सोळा भाग, आणि एकेका भागाला आमच्याकडे आणा म्हणतात. म्हणजे आमचा आणा लांबीचा, दोन फूट आणि वर बोटभर. इतकी वर्षं साखळी ओढून ओढून मामूंचं पाऊलच एका आण्याचं झालं होतं. चढ असो, उतार असो, पायात वहाण असो की नसो, पाऊल पडलं की एक आणा. ते सतत मोजत असायचे. कचेरीपासून एसटी स्टँड किती, स्टँडपासून मशीद किती, चहाच्या टपरीपासून कचेरीचं दार किती, सगळं त्यांना पाठ होतं. त्यांची बायको, हमीदाभाभी, एकदा मला म्हणाल्या, "पोरीच्या निकाहला येताना बी पावलं मोजत आलते. काजी थांबला, मानसं थांबली, ह्यांची मोजनी चालूच!" मामू शेजारीच बसले होते. ते शांतपणे म्हणाले, "दोनशे सोळा आने."

नवं मशीन आलं तेव्हा जिल्ह्याच्या कचेरीतून एक तरुण ते चालवायला आला. त्याने तिपाई उभी केली, चष्मा पुसला, बटणं दाबली. तोवर मामू बांधाने एक चक्कर मारून आले आणि माझ्या कानाशी म्हणाले, "चारशे बारा, वर जरासं." मशीनचा आकडा आला तो मी कागदावर आण्यांत करून पाहिला. अर्ध्या आण्याचा फरक होता. मी मामूंकडे पाहिलं. ते मशीनकडे पाहत म्हणाले, "नवीन हाय अजून. शिकंल."

त्यांच्या कोळशाचा दरारा मी पहिल्यांदा पाहिला तो दोन भावांच्या भांडणात. मामूंनीच पूर्वी रोवलेला मधला दगड नाहीसा झालेला. थोरला म्हणे दगड बाभळीपाशी होता, धाकटा म्हणे बाभळीच्या अलीकडे. थोरल्याने कुलदैवताची शपथ घेतली. मामूंनी बाभळीपासून पावलं टाकली, एका जागी थांबले, कुदळ मागवली आणि खणायला बसले. हातभर खाली काळं लागलं. त्यांनी कोळशाचा तुकडा उचलून तळहातावर ठेवला आणि थोरल्यापुढे धरला. थोरला मटकन खाली बसला. धाकट्याचं खरं ठरलं होतं, पण त्यालाही मान वर करवेना. त्यानंतर त्या पट्ट्यात शपथांना कुणी विचारेनासं झालं. दोन माणसं बांधावरून भांडायला लागली की तिसरा विचारायचा, "मामूचा कोळसा निघाला का?" निघाला म्हटलं की वाद संपला.

एवढा मोठा विश्वास माणसाने एका वस्तूवर बसवावा का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. नंतर पडला, पण तोवर उशीर झाला होता.

साखळीचं एक आहे, ती एकट्याने धरता येत नाही. दोन टोकांना दोन माणसं लागतात. एकाने टोक टेकवायचं आणि ओरडायचं, "ताणलं का?" दुसऱ्याने ताण देऊन उलट ओरडायचं, "ताणलं!" मग पुढे जायचं. मामूंनी हे पहिल्यांदा केलं ते तरुणपणी, नोकरी लागायच्याही आधी, रोजंदारीवर. रेल्वेची लाइन आपल्या भागातून नेता येईल का, हे बघायला तेव्हा मोजणीवाल्यांचा एक तांडा सिंदफणेच्या काठाने फिरत होता. त्यांना साखळी ओढायला गावातली दोन पोरं हवी होती. एका टोकाला हबीब लागला आणि दुसऱ्या टोकाला त्याच्याच वयाचा नामदेव. लाइन काही आली नाही. तांडा निघून गेला आणि गावाच्या हातात राहिली ती या दोघांची दोस्ती.

नामदेवकाकांचं शेत नदीच्या अंगाला होतं आणि त्या शेतात त्यांची विहीर. चैत्रात गावातली बोअरं नुसता वारा ओकायची, तेव्हा त्या विहिरीत गुडघाभर पाणी असायचं. सगळी वस्ती हंडे घेऊन यायची. नामदेवकाकांची एकच अट होती, पायरीवर पायताण आणायचं नाही. मामू त्या खोऱ्यात कुठेही मोजणीला आले तरी पाणी बरोबर घेत नसत. "पानी नामाच्या हिरीचं," म्हणायचे, आणि भर उन्हात मला दोनशे आणे वाकडी वाट करायला लावायचे.

"हब्या, तुज्या सरकारनं तुला पान्याची बाटली बी दिली न्हाई का बे?" नामदेवकाका विचारायचे.

"दिलीय की. पर तुजं पानी सडाया नको म्हनून येतो."

एवढं बोलून दोघेही पायऱ्यांवर गप्प बसायचे. तासभर बसले तरी त्यांना बोलायला विषय लागत नसे. मला मात्र लागायचा, म्हणून मी काकांच्या बायकोकडे, सुमनकाकूंकडे, चहाला जाऊन बसायची.

रेल्वेचं आमच्याकडे असं होतं की कुणी फार उशिरा आलं की लोक विचारायचे, "रेल्वेनं आलास का?" त्यामुळे ती खरंच येणार असं ठरलं, तेव्हा आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग एक दिवस संयुक्त मोजणीचा हुकूम आला. म्हणजे रेल्वेचे लोक आणि आम्ही, दोघांनी मिळून लाइनच्या वाटेतली जमीन मोजायची. मामूंच्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष होतं. हुकूम वाचून दाखवला तेव्हा त्यांनी गावाचं नाव मला दोनदा वाचायला लावलं.

त्यांच्या गावापाशी खोरं एकदम अरुंद होतं. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकडी. टेकडीच्या पायथ्याला कब्रस्तान, नदीच्या अंगाला नामदेवकाकांचं रान. रेल्वेचा इंजिनीयर तरुण होता, बोलायला गोड. त्याच्या हातात दांड्यावर बसवलेलं एक पांढरं यंत्र होतं. तो यंत्र टेकवत पुढे, त्याच्यामागे लाल रंगाचा डबा घेतलेला माणूस, त्याच्यामागे मी, आणि माझ्यामागे मामू. शेवटी त्या माणसाने विहिरीच्या कठड्यावर लाल रेघ ओढली.

नामदेवकाका पायरीवर उभे होते. त्यांनी इंजिनीयरला काही विचारलं नाही, मलाही नाही. मामूंना विचारलं, "हब्या, ही रेघ माज्या हिरीतूनच कावून चाललीया?"

मामू कठड्यापासून मागे सरले. ते पाणीही प्याले नाहीत. परत निघालो तेव्हा मी सहज विचारलं, "मामू, विहिरीपासून रस्ता किती आणे?" ते म्हणाले, "मोजलं न्हाई." मी त्यांच्याबरोबर नऊ वर्षं काढली होती आणि हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होते.

वाटेत एका लिंबाखाली ते बसले आणि बोलायला लागले.

बत्तीस वर्षांपूर्वीच्या त्या मोजणीत लाइनच्या खुंट्या टेकडीच्या बाजूने, कब्रस्तानाच्या कडेवरून गेल्या होत्या. त्याच कडेला चार महिन्यांआधी मामूंनी आपली पहिली मुलगी पुरली होती. रजिया, सव्वा वर्षाची. उलट्या-जुलाबात एका दिवसात गेली. तांड्याने खुंट्या रोवल्या तेव्हा नामा बहिणीच्या लग्नाला दोन दिवस परगावी गेला होता, आणि दुसऱ्या दिवशी तांडाही सुट्टीवर होता. मामूंनी भर दुपारी, एकट्याने, सात खुंट्या उपटल्या आणि तीन-तीन साखळ्या नदीकडे सरकवून रोवल्या, नामाच्या रानात. जुन्या जागी मात्र त्यांनी मूठमूठ कोळसा पुरला. "खोटं केलं, पर खऱ्याची खून तरी ऱ्हावी म्हनून," ते म्हणाले. दगडाखाली कोळसा टाकायची त्यांची सवय त्या दिवशी लागली होती. आम्ही सगळे जिला त्यांची सचोटी म्हणत होतो, तिचं मूळ त्या सात खड्ड्यांत होतं.

"म्या नामाची हीर घेतली म्याडम. आता काय करू?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. निदान एक दिवस. पण माझ्या तोंडून वाक्य गेलं, "सांगून टाका मामू. नामाकाका समजून घेतील. तुमचंही मन हलकं होईल." पुस्तकात शोभेल असं वाक्य होतं ते. ज्याचं काही जाणार नसतं, त्याला अशी वाक्यं फार चांगली सुचतात.

दुसऱ्या दिवशी मामू कुदळ घेऊनच आले. नामदेवकाकांना हाताला धरून त्यांनी कब्रस्तानाच्या कडेला नेलं. पावलं टाकली, थांबले, खणलं. चौथ्या-पाचव्या घावाला काळं लागलं. मामूंनी तुकडा उचलून तळहातावर ठेवला आणि काकांपुढे धरला, त्या थोरल्या भावापुढे धरला होता अगदी तसाच. मग सगळं सांगितलं. मी दहा पावलांवर उभी होते.

नामदेवकाकांनी आधी कोळशाकडे पाहिलं, मग खड्ड्याकडे.

"मी बहिनीच्या लग्नाला गेलतो, तवा?"

"हां."

"आन मी आल्यावर आपुन माज्या रानातनं साखळी ताणली. त्याच खुट्यांवरनं."

"हां."

"तू म्हनला, ताणलं का. मी म्हनलो, ताणलं."

मामूंनी कोळसा धरलेला हात तसाच पुढे ठेवला.

"आन बत्तीस वर्सं माज्या हिरीचं पानी पेलास," नामदेवकाका म्हणाले. त्यांनी कोळसा उचलला, बंडीच्या खिशात टाकला आणि ते निघून गेले. मामू खड्डा बुजवत बसले. मग कुदळ घेऊन उरलेला मीच बुजवला.

दोन दिवसांनी मोजणीचं काम संपलं. टपरीवर चहा पिताना मी इंजिनीयरला हा सगळा प्रकार सांगितला. मनात होतं की तीन साखळ्यांचाच प्रश्न आहे, थोडी इकडेतिकडे सोय होते का बघावी. तो आधी हसला. मग माझा चेहरा पाहून त्याने हसू आवरलं.

"मॅडम, ते जुनं सर्वेक्षण केव्हाच बाद झालं. त्याचा एक कागदसुद्धा आम्ही वापरलेला नाही. ही लाइन उपग्रहाच्या नकाशावरून नव्याने आखली आहे."

"मग बरोबर विहिरीवरच कशी आली?"

"इथे जागाच कुठे आहे? एकीकडे नदी, एकीकडे टेकडी. स्मशान, कब्रस्तान आम्ही शक्यतो टाळतोच. राहिला तो विहिरीचा पट्टा. कुणीही आखली असती तरी तिथूनच गेली असती."

दोनच दिवस आधी मी हे विचारलं असतं तर? मामूंना म्हणाले असते, थांबा, आधी नकाशा बघू. एवढंच तर करायचं होतं, आणि माझं कामच ते होतं. लोकांनी भावना सांगितल्या की आधी नकाशा बघायचा, यासाठीच सरकार मला पगार देत होतं.

मी मामूंना सांगितलं. त्यांनी तीन वेळा विचारून घेतलं. "म्हंजी माज्या खुट्या?"

"कुणी पाहिल्याच नाहीत, मामू."

मला वाटलं होतं ते सुटल्यासारखे होतील. ते म्हणाले, "मंग मी बत्तीस वर्सं कशापायी जळलो?" आणि लगेच उठले. "चला, नामाला सांगू. लई बरं झालं. चला म्याडम." त्या दिवशी ते इतक्या भरभर चालत होते की मला पळावं लागलं.

नामदेवकाका अंगणात दोर वळत बसले होते. मी नकाशा पसरला, जुनी लाइन, नवी लाइन, सगळं बोट ठेवून दाखवलं. फोनवर इंजिनीयरलाच बोलायला लावलं. काकांनी फोन कानाला लावून ऐकून घेतलं, "बरं साहेब" म्हणाले आणि फोन मला परत दिला. मग खिशातून कोळसा काढून नकाशावर ठेवला. नकाशावर काळा डाग पडला.

"कागद कुनी बी काढंल म्याडम. तुमी त्याच्या साहेब हाव, त्याच्या बाजूनंच बोलनार. त्यात तुमचं काय चुकलं न्हाई. पर कोळसा? ह्यानंच आमाला शिकिवलंय, कोळसा फितत न्हाई म्हनून."

"नामा, अल्लाची शपथ..." मामू म्हणाले.

"शपथेला तूच इचारत न्हवतास की बे."

मी नकाशाची घडी घालत होते तेव्हा काका पुन्हा बोलले, या वेळी दोराकडे बघत.

"आन हिरीचं सोड. सरकारला पायजे, सरकार घील. पर तू मला इचारलं आसतंस, तर मी न्हाई म्हनलो आसतो का? रजियाला पोचवाया मी आलो न्हवतो का? तिच्यावर म्या माती टाकली न्हवती का? ती माजी कोनीच न्हवती का बे?"

मामूंनी तोंडावर रुमाल धरला. सुमनकाकू दारात उभ्या होत्या. त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही. सात खुंट्यांचा हिशोब मी नकाशाने खोटा पाडू शकत होते. हे दुसरं जे होतं, ते कुठल्याच नकाशावर नव्हतं.

पुढे मी काय काय केलं ते सांगत बसत नाही. गावातल्या चार जाणत्यांना मध्ये घातलं. विहीर वाचते का म्हणून वर अर्ज केला. त्याचं उत्तर आलं, सभ्य भाषेत, नाही असं. एकदा तर हमीदाभाभींना घेऊन सुमनकाकूंकडे गेले. त्या दोघी गळ्यात पडून रडल्या, पण नवऱ्यांच्या बाबतीत दोघींचाही इलाज चालला नाही.

विहीर बुजवली त्या दिवशी मुरमाचे टिपर ओळीने येत होते. वस्तीतल्या बायकांनी सकाळीच शेवटचे हंडे भरून नेले होते. नामदेवकाका शेताकडे फिरकले नाहीत. मामू मात्र रजा टाकून तिथे आले आणि लांब उभे राहिले. पहिला टिपर रिकामा झाला तेव्हा त्यांनी पायातल्या वहाणा काढून हातात घेतल्या. पायरी आता उरली नव्हती, तरी काढल्या. दुसऱ्या दिवसापासून ते कचेरीत पाण्याची बाटली घेऊन यायला लागले.

शेवटच्या महिन्यांत मामूंनी कोळसा टाकणं बंद केलं. दगड रोवायचा, माती दाबायची, उठायचं. एकदा एका शेतकऱ्याने आठवण करून दिली, "मामू, खाली काळं न्हाई टाकलं?" मामू म्हणाले, "नगं बाबा. त्यो लई बोलतो." निरोपाच्या कार्यक्रमाला शाल झाली, नारळ झाला, मी रडतरडत भाषण केलं. मामू सारखे दाराकडे बघत होते. मी नामदेवकाकांना स्वतः जाऊन बोलावून आले होते. ते आले नाहीत.

मग माझी बदली झाली. परवा एका दाव्याच्या कामाने त्या गावात जाणं झालं, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

खोरं ओळखू येत नव्हतं. गाव आणि नदीकडची रानं यांच्यामधून रेल्वेचा भराव गेला आहे, दोन पुरुष उंच. वरून दिवसातून मोजक्या गाड्या जातात. नामदेवकाकांनी विहीर गेल्यावर नदीकडच्या उरल्या रानात पत्र्याचं घर बांधलं. मामू गावात. मध्ये भराव, आणि भरावाखालून जायला एक सिमेंटचा चौकोनी रस्ता. लोक त्याला बोगदा म्हणतात. त्याच्या तोंडाशी, गावाच्या बाजूला, एका दगडावर मामू बसले होते.

मला बघून उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, दोन प्रयत्नांत. "बसा, बसा," मी म्हटलं. भाभींची चौकशी केली, माझ्या पोरांची त्यांनी केली. मग मी विचारलं, "इथे काय करताय?"

"रोज येतो म्याडम. ह्या टायमाला नामा म्हशी घिऊन हितनं जातो." त्यांनी बोगद्याकडे मान केली. "बराबर एक साखळी हाय. सोळा आने, ना कमी ना जास्ती. एकदा म्या ह्या तोंडाशी हुबा ऱ्हायलो, त्यो त्या तोंडाशी. म्या म्हनलो, ताणलं का? आवाज माजाच परत आला."

बोलता बोलता ते थांबले. पलीकडच्या उजेडात म्हशी दिसल्या, तीन, त्यांच्यामागे नामदेवकाका. म्हशी सरळ बोगद्यात शिरल्या. काकांनी आत पाहिलं, मामूंना पाहिलं, आणि ते बाजूला वळले. मला आधी कळलं नाही ते कुठे गेले. मग ते भरावाच्या उतारावर दिसले. काठी टेकत, खडीवरून घसरत, हात टेकत वर चढत होते. रूळ ओलांडून अलीकडे यायचं होतं त्यांना.

"नामाकाका! खालून या!" मी ओरडले.

त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकूनही चढत राहिले. मामू उभे राहिले होते. त्यांचे ओठ हलत होते. "गाडीचा टाइम झालाय," ते म्हणाले. "रोज असंच करतो. म्या उठून गेलो की खालून येतो. आज तुमच्यासंगं बोलत बसलो, म्हनून एवढा वर गेला."

"तुम्ही हाक मारा ना त्यांना."

"माज्या हाकेनं त्यो आनखी वर चढंल, म्याडम."

आणि मामू निघाले. माझा निरोप न घेता, गावाच्या दिशेने, जमेल तितक्या भरभर. एक पाय ओढत होते. मागे वळून बघत नव्हते. भरावावर नामदेवकाका रुळापासून चार हातांवर थांबले. काठीवर भार देऊन, मामू किती दूर गेले ते बघत राहिले. मग हळूहळू, बसून, हात टेकत उतार उतरले आणि बोगद्यातून माझ्यापर्यंत आले. लांबून गाडीचा भोंगा ऐकू आला.

म्हशी रस्त्याकडेचं गवत ओढत होत्या. काका धापा टाकत माझ्या शेजारी उभे राहिले. मला त्यांनी ओळखलं होतं, पण ते माझ्याकडे बघत नव्हते. रस्त्याच्या पार टोकाला मामू अजून दिसत होते.

"पाऊल आखूड पडायलंय त्याचं," नामदेवकाका म्हणाले. "पयलं बराबर एक आना पडायचं."

मी म्हटलं, "गुडघे गेलेत त्यांचे."

"हं," ते म्हणाले, आणि मामू वळणाआड जाईपर्यंत त्यांनी म्हशी हाकल्या नाहीत.